वाव्हळे सरांची पात्रता

पाईप हातात घेतला की वाव्हळे सर आधी तो कानाला लावायचे. मग बोटाच्या पेरानं दोनदा वाजवायचे आणि डोळे मिटून ऐकत राहायचे. "बोलायलाय," असं म्हणाले की पाईप ठीक. "घसा बसलाय ह्याचा," म्हणाले की तो बाजूला पडायचा. त्यानंतर जाडी मोजणं, वजन करणं, पाण्याच्या टाकीत दाब देऊन बघणं हे सगळं रीतसर व्हायचंच, आणि बहुतेक वेळा यंत्रंही तेच सांगायची. मी एकदा विचारलं, "सर, कानानं कळतंय तर मग एवढं मोजत कशाला बसता?"

"मला कळलं ते माझ्यापाशीच राहील, दिलीप," ते म्हणाले. "कागदावर आकडा आला म्हणजे उद्या दुसऱ्यालाबी कळतंय. मी काय जन्मभर पुरणार हाय का?"

आमचा कारखाना परभणीच्या एमआयडीसीत. शेतात आणि गावोगावच्या नळयोजनांत घालायचे काळे प्लास्टिकचे पाईप तिथं बनायचे. मी ऑफिसात टायपिंग करायचो आणि पत्रव्यवहार सांभाळायचो. सर तपासणी विभागाचे प्रमुख होते. विभाग म्हणजे शेडच्या कोपऱ्यातली एक पत्र्याची खोली, दाब तपासायची टाकी, वजनकाटा आणि ते स्वतः. मुंजाजी वाव्हळे हे त्यांचं पूर्ण नाव. मूळचे चारठाण्याचे. जिंतूरला आयटीआयमधून फिटर झाले आणि कारखान्याचं पहिलं मशीन बसलं त्या दिवसापासून तिथं होते. शिक्षण एवढंच. पण शेडमधले सगळे त्यांना 'सर' म्हणायचे. मालक तेवढे 'मुंजाजी' म्हणायचे, आणि एकेरीत.

उंच, काटकुळे, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. खिशात लाल आणि निळा असे दोन पेन, आणि ते कुणालाही द्यायचे नाहीत. सकाळच्या पहिल्या पाईपची चाचणी निघाल्याशिवाय चहा घ्यायचे नाहीत. चाचणी फसली तर त्या दिवशी चहा नाहीच. खराब पाईपवर ते लाल खडूनं 'नापास' असं लिहायचे. बाकी सगळे 'रिजेक्ट' म्हणायचे, त्यांना तो शब्द आवडायचा नाही. "रिजेक्ट म्हणलं की उकिरड्यावर टाकल्यावानी वाटतंय. नापासाला फेरपरीक्षा असती."

स्वभाव सोपा मुळीच नव्हता. एका ऑपरेटरचा सात हा आकडा एकासारखा दिसतो म्हणून त्यांनी त्याला अख्खं पान पुन्हा लिहायला लावलं होतं. तो चिडून म्हणाला, "सर, कोण बघायलंय?" सर म्हणाले, "मी बघायलोय. मी कोणच न्हाई का?" स्वतःच्या अक्षराचा त्यांना गर्व होता आणि तो ते लपवायचेही नाहीत. माझ्या टाईप केलेल्या पत्रातली ऱ्हस्व-दीर्घाची चूक ते दारात उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवायचे. मला राग यायचा. पण चूक असायचीच.

एकदा झरीचा एक शेतकरी मोटारसायकलवर फुटका पाईप बांधून आला. असे लोक आले की आमच्याकडं एक ठरलेलं उत्तर होतं: उन्हात पडला असेल, वरून ट्रॅक्टर गेला असेल. मी तेच सांगत होतो. सर तिथून जात होते. त्यांनी पाईपवरची चीर बघितली. ती सरळ लांबीला गेली होती, बांबू उकलतो तशी. सरांनी चिरेवरून अंगठा फिरवला आणि मला म्हणाले, "माझी अर्ध्या दिवसाची रजा मांड." आणि त्या शेतकऱ्याच्या मागं बसून झरीला गेले.

संध्याकाळी सहा तुकडे घेऊन परत आले. सरळ मालकांच्या केबिनमध्ये. "चूक आपली हाय. हे पाईप निघाले त्या दिवशी दुसऱ्या पाळीत प्लास्टिकचा दाणा ओला पडला. पाईप बदलून द्यावं लागतील."

मालक माझ्यासमोर म्हणाले, "मुंजाजी, तुला पगार मी देतो का तो झरीवाला?"

"तुमीच देता मालक. म्हणून तं पाईपावरचं तुमचं नाव वाचवायलोय."

पाईप बदलून दिले गेले. दुसऱ्या दिवशी सरांनी एक शंभर पानी वही आणली, वर 'तक्रारी' असं लिहिलं आणि पहिली तक्रार स्वतःच्या हातानं लिहिली. त्या वहीत दुसऱ्या कुणाचं अक्षर मी कधी बघितलं नाही.

मग ते आयएसओचं निघालं. नळयोजनांच्या निविदेत अट यायला लागली की कारखान्याकडं गुणवत्ता व्यवस्थेचं प्रमाणपत्र पाहिजे. मालकांनी पुण्याहून एक कन्सल्टंट बोलावला. चकचकीत बूट, गोड बोलणं. त्यानं पेनड्राईव्हमधून एक तयार पुस्तिका काढली, कारखान्याचं नाव टाकलं, म्हणाला, "प्रिंट काढा, सह्या करा, तीन महिन्यांत भिंतीवर फ्रेम लागेल." मालक खूश झाले. मी प्रिंट काढून एक प्रत सरांकडं दिली. सही करून परत येईल असं मला वाटलं होतं.

सर ती घरी घेऊन गेले. इंग्रजी त्यांचं बेताचंच. डिक्शनरी घेऊन बसायचे. तिसऱ्या दिवशी हसत हसत ऑफिसात आले. त्यांना एवढ्या मोठ्यानं हसताना मी तेव्हाच बघितलं. "दिलीप, आपल्यापाशी बिस्किटाची भट्टी कुठं हाय रे?"

पान सत्तावीसवर लिहिलं होतं की भट्टीचं तापमान दर तासाला नोंदवावं आणि बिस्किटांचा रंग तपासावा. कुठल्यातरी बेकरीची पुस्तिका होती ती. कन्सल्टंटला फोन लावला तर तो म्हणाला, "बदलून टाका हो तेवढं. कोण वाचतं?"

"मी वाचलं की," सर म्हणाले. फोन ठेवून माझ्याकडं वळले. "हे त्याचं त्याला देऊन टाक. आपण आपलं लिवू."

पुढचे चार महिने हा माणूस झपाटल्यासारखा होता. त्यांनी मूळ नियम मागवून घेतले, एकेक कलम मराठीत उतरवलं. त्यांचं सुंदर अक्षरातलं लिखाण माझ्याकडं यायचं आणि मी टाईप करायचो. मला ते ओझं वाटायचं. त्यांना मात्र कुणीतरी आपल्याच मनातलं छापून पाठवल्यासारखं झालं होतं. एके दिवशी माझ्या टेबलावर कागद ठेवून, एका ओळीवर बोट टेकवून म्हणाले, "हे वाच. चूक झाली तं माणूस धरू नका, कारण शोधा. मूळ कारण. असं आजवर कुणी म्हणलं होतं का रे आपल्याला? आपल्याकडं चूक झाली की पहिलं इचारतेत, कोण होतं तिथं?"

कामगारांना त्यांनी शेडमध्येच शिकवलं. पाळी बदलायच्या वेळी सगळे दाण्याच्या पोत्यांवर बसायचे आणि सर उभे. पाईपांची बंडलं बांधणारी गयाबाई मागं बसायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. सरांनी तिला विचारलं, "गयाबाई, तुमच्या हिसाबानं चांगला पाईप म्हंजे कोणता?"

सगळे हसले. ती लाजली आणि म्हणाली, "बांधताना हाताला टोचत न्हाई त्यो."

"बरोबर," सर म्हणाले, आणि कडा घासून गुळगुळीत असाव्यात असं कलम त्या दिवशी आमच्या पुस्तिकेत आलं.

दाब मोजायचं घड्याळ संभाजीनगरच्या प्रयोगशाळेतून तपासून आणायचं होतं. कन्सल्टंट म्हणाला, घड्याळ न पाठवताही कागद मिळतो, माझी ओळख आहे.  सरांनी बायकोच्या जुन्या लुगड्यात ते घड्याळ गुंडाळलं आणि एसटीनं निघाले. वरच्या फळीवर ठेवलं नाही, जाताना आणि येताना मांडीवरच धरून बसले. परत आले तेव्हा चेहरा उतरला होता. घड्याळ खरं दाखवत नव्हतं. दाब कमी असताना जास्त दाखवत होतं.

"इतके दिवस ते खोटं बोलायलं होतं अन् मी खाली सही करायलो होतो," ते म्हणाले. त्या दिवशी जेवले नाहीत. मागच्या मालाचे जपून ठेवलेले नमुने काढले आणि आठवडाभर एकेक नव्यानं तपासला. सुदैवानं सगळे टिकले. तरी त्यांनी चुकांच्या नोंदवहीत लिहिलं: 'घड्याळ वेळेवर तपासले नाही. जबाबदार : मुं. वाव्हळे.' मी म्हणालो, "सर, हे ऑडिटर बघणार. कशाला स्वतःचं नाव?" ते म्हणाले, "मग काय तुझं लिवू?"

ऑडिट पंधरा दिवसांवर आलं असताना ती गोष्ट झाली. एका गावच्या नळयोजनेचा माल होता. मालकांनी सरांना न सांगता त्यात भंगार दाणा मिसळायला लावला. जुने डबे, तुटक्या बादल्या, खुर्च्या दळून केलेला दाणा. पाईप दिसायला तसाच काळा कुळकुळीत. सरांनी तो कानाला लावला आणि तसाच टाकीत टाकला. अर्ध्या तासात टाकीतून फाटल्याचा आवाज आला. दुसरा तुकडा टाकला, तोही गेला.

तोवर माल ट्रकमध्ये भरून झाला होता. सर खडू घेऊन ट्रकवर चढले आणि दिसेल त्या पाईपवर 'नापास' लिहीत सुटले. ड्रायव्हर खाली उभा राहून बघत होता. मालक बाहेर आले.

"मुंजाजी, खाली उतर. कागदावर सही कर."

"होत न्हाई मालक."

"का होत नाही?"

"गावाचं पाणी हाय ते. एक पावसाळा निघणार न्हाई. अन् सही माझी हाय."

शेडमधली मशीनं तेवढी चालू होती, माणसं थांबली होती. मालकांनी एकदा सगळ्यांकडं बघितलं. मग आत गेले. माल उतरवला. तो पुन्हा चांगल्या दाण्याचा बनवून दिला. सगळ्यांना वाटलं सर जिंकले. गयाबाईनं तर त्यांच्या डब्यात ठेचा आणून घातला. मालक का गप्प बसले ते मात्र मला ठाऊक होतं. ऑडिटरच्या प्रश्नांना उत्तर देऊ शकेल असा दुसरा माणूस कारखान्यात नव्हता.

त्याच दिवसांत मी एक तक्ता टाईप करत होतो. कोणत्या पदाला कोणती पात्रता, असा. तोही सरांनीच लिहून दिला होता. तपासणी प्रमुख या पदापुढं त्यांनी लिहिलं होतं, 'अभियांत्रिकी डिप्लोमा किंवा पदवी.' मी थांबलो.

"सर, तुम्ही आयटीआय. 'किंवा अनुभव' असं घालू का पुढं?"

"माझ्यापायी कामून ओळ वाढवायलास?" ते म्हणाले. "माझ्यामागं जो येईल तो शिकलेला पाहिजे. दाण्यात काय रसायन असतंय ते मला कळत न्हाई, मी अंदाजानं चालतो. त्याला कळलं पाहिजे."

"पण ऑडिटर तुमची पात्रता विचारतील."

"इचारू दे. जे हाय ते सांगू. मला कोण काढायलंय?"

ऑडिटर म्हणून नाशिकच्या एक बाई आल्या. पन्नाशीच्या, सुती साडी, पायात बूट. मालकांच्या केबिनमध्ये पहिली बैठक झाली. सर फायली घेऊन दाराजवळ उभे राहिले, नेहमीसारखे. बाई म्हणाल्या, "वाव्हळे, बसा ना." सरांनी मालकांकडं बघितलं. इतक्या वर्षांत त्या केबिनमध्ये त्यांना कुणी बसा म्हटलं नव्हतं. गावचे पुढारी, बँकेचे लोक, साधे दलालसुद्धा त्या खुर्च्यांवर बसून चहा पिऊन जायचे. सर मात्र उभे. यामागं जात होती हे सगळ्यांना माहीत होतं, बोलत कुणी नव्हतं. मालक म्हणाले, "बस की." सर खुर्चीच्या कडेवर टेकले.

दोन दिवस बाई शेडभर फिरल्या. घड्याळाची नोंद त्यांनी दोनदा वाचली. "स्वतःची चूक स्वतःच्या नावानं लिहिलेली फार कमी ठिकाणी बघायला मिळते," म्हणाल्या. तक्रारींची वही चाळली, झरीच्या शेतकऱ्याबद्दल विचारलं. मग बंडलांपाशी जाऊन गयाबाईला म्हणाल्या, "मावशी, तुमच्या कारखान्याचं गुणवत्तेचं धोरण काय आहे?"

धोरण हा शब्द गयाबाईला कळला नसावा.  सर शांत उभे होते. गयाबाईनं पदर खोचला आणि म्हणाली, "फुटका पाईप गाडीत चढवायचा न्हाई. मालक म्हणले तरी न्हाई."

बाई हसल्या. मालकही हसले, पण उशिरा.

शेवटच्या बैठकीत बाईंनी सांगितलं की प्रमाणपत्र द्यायची शिफारस त्या करणार आहेत. एकच छोटी त्रुटी आहे. तपासणी प्रमुखांची पात्रता तुमच्याच तक्त्याशी जुळत नाही. "यात अवघड काही नाही," त्या म्हणाल्या. "दीर्घ अनुभव ग्राह्य धरला, अशी एक ओळ तक्त्यात वाढवा, मला महिन्याभरात पाठवा. वाव्हळेंसारखा माणूस तुमच्याकडे आहे हे तुमचं नशीब समजा." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी दोन्ही हात जोडले. डोळे भरले होते त्यांचे, आणि ते दिसू नये म्हणून ते फायलींच्या नाड्या बांधत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी तक्ता दुरुस्त करून मालकांपुढं ठेवला. डिप्लोमा किंवा पदवी, किंवा संबंधित कामाचा पंधरा वर्षांचा अनुभव. मालकांनी वाचलं आणि त्या शेवटच्या शब्दांवर आडवी रेघ मारली.

"हे काढ."

"मॅडमनी सांगितलंय मालक."

"मॅडमनी सांगितलं की पात्रता नाही. मग पात्रता असलेला माणूस आणू. माझ्या साडूचा मुलगा इंजिनीअर होऊन बसलाय. मुंजाजीला गोदामात टाकू. बंडलं मोजायला पात्रता लागत नाही."

मी उभाच राहिलो. मला काहीतरी बोलायचं होतं. मालक कागद चाळत सावकाश म्हणाले, "दिलीप, तुझ्या जागेपुढं काय लिहिलंय रे तक्त्यात?"

माझ्या जागेपुढं 'पदवीधर' असं लिहिलेलं होतं. मी बीएच्या दुसऱ्या वर्षालाच कॉलेज सोडलं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. बाईंच्या नजरेतून ते सुटलं होतं, मालकांच्या नाही.

मी टेबलावर आलो आणि ते शब्द पुसले. एक कळ दाबून धरली, एवढंच. अक्षरं मागून पुढं एकेक करून गेली.

त्रुटी दूर केल्याचा एक फॉर्म भरून पाठवायचा असतो. तो संबंधित विभागाच्या प्रमुखानं भरायचा. म्हणजे सरांनी. मालक म्हणाले, जाऊन त्याच्याकडून भरून आण. मी त्या पत्र्याच्या खोलीत गेलो. सर टाकीतलं पाणी बदलत होते. हात पुसले, चष्मा लावला, तक्ता वाचला. पुन्हा वाचला.

"ती ओळ कुठं हाय?"

"मालकांनी काढायला सांगितली."

"काढली कुणी?"

"मी."

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं. मी म्हणालो, "सर, फॉर्म मी टाईप करतो. तुम्ही नुसती सही करा."

"न्हाई. हे माझ्या हातानं जाऊ दे." त्यांनी निळा पेन काढला. फॉर्मवर पहिला रकाना होता, मूळ कारण. तिथं त्यांनी पेन टेकवला. मग त्या सुरेख अक्षरात लिहिलं: 'पदावरील व्यक्तीकडे ठरविलेली पात्रता नाही. पात्रता त्याच व्यक्तीने ठरविली होती.' दुसरा रकाना, केलेला उपाय. त्यांनी लिहिलं: 'व्यक्ती बदलली.' तिसरा रकाना होता, पुन्हा असे घडू नये म्हणून काय केले. पेन तिथं नेऊन त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"हितं काय लिवू, दिलीप?"

 त्यांनी तिथं एक आडवी रेघ ओढली, खाली सही केली, तारीख घातली आणि कागद माझ्या हातात दिला. "ऱ्हस्व-दीर्घ बघून घे," म्हणाले.

फॉर्म पोचल्यावर दोन दिवसांनी नाशिकच्या बाईंचा फोन आला. तो मीच घेतला. "वाव्हळेंना काढलं का? मी तर ओळ वाढवा म्हटलं होतं." मी म्हणालो, "मॅडम, व्यवस्थापनाचा निर्णय आहे." हे वाक्य मला कुठून सुचलं कुणास ठाऊक.  त्या म्हणाल्या, "नियमात बसतं ते. मला काही करता येणार नाही." आणि फोन ठेवला.

प्रमाणपत्र आलं त्या दिवशी मालकांनी मंडप घातला. पेढे वाटले, साडूच्या मुलाचा सत्कार केला. त्याला येऊन जेमतेम आठवडा झाला होता. सर गोदामात होते, त्यांना बोलवायला कुणी गेलं नाही. पेढा हातात घेऊन गयाबाई सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाली, "अन् सर कुटं हायत?"  फोटोवाला म्हणाला, सगळे इकडं बघा. तिनं पेढा पदराला बांधला आणि मंडपातून निघून गेली. त्या फोटोत मी मालकांच्या डाव्या हाताला आहे.

गोदामात सर तीन आठवडे होते. नवा इंजिनीअर आठवडाभराच्या चाचण्या एकाच बैठकीत, एकाच पेनानं लिहायचा. आकडेही तेच. टाकीत शेवाळ धरलं. सर सगळं बघत होते, बंडलं मोजत होते, घरी जात होते. एके दिवशी रचलेल्या मालातला एक पाईप त्यांनी सवयीनं वाजवला. इंजिनीअर तिथंच होता. तो म्हणाला, "काका, तुमचं काम मोजायचं. वाजवायचं नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांचा राजीनामा आला. चार ओळी, कारण 'घरगुती'. अर्जात एकही खाडाखोड नव्हती. मी तो फायलीला लावला.

सांगायचं एवढंच उरलंय. मागच्या उन्हाळ्यात माझ्या सासूबाईंना गंगाखेडच्या एका खाजगी दवाखान्यात ठेवलं होतं. मी परभणीहून गाडी घेऊन गेलो. फाटकाशी निळ्या गणवेशातला राखणदार खुर्चीवरून उठला. गणवेश त्याच्या मापाचा नव्हता, खांदे खाली उतरले होते. वरचं बटण लावलेलं होतं.

"गाडी तिकडं सावलीला लावा साहेब."

"सर," मी काच खाली केली. "सर, मी दिलीप."

"ओळखलं की," ते म्हणाले. "आपण कसे आहात?"

ज्या माणसानं सगळी वर्षं मला 'तू' म्हटलं, माझ्या चुका दारात उभं राहून वाचल्या, तो मला 'आपण' म्हणत होता. त्यात टोमणा नव्हता. अनोळखी माणसाशी बोलावं तसं ते स्वच्छ, नीट म्हटलेलं होतं.

मी गाडी लावून परत आलो. इथं कसे म्हणून विचारलं. लेक गंगाखेडला दिली आहे, तिच्याकडं राहतो, म्हणाले. घरच्यांची चौकशी मी केली, त्यांनी उत्तरं दिली. मला त्यांनी उलट काहीच विचारलं नाही. कारखान्याचं नाव त्यांच्या तोंडून निघालं नाही. मी धीर करून म्हणालो, "सर, त्या दिवशी मी..."

तेवढ्यात फाटकात एक ऑटो शिरला. ते तिकडं वळले. "आपण आत जा. पेशंट वाट बघत असतील."

मी वर गेलो. सासूबाईंच्या खोलीच्या खिडकीतून फाटक दिसत होतं. ऑटोतून एक म्हातारा उतरत होता, पायाला पट्टी बांधलेली. सरांनी त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि त्याची चप्पल दुसऱ्या हातात धरली. म्हातारा थांबला की तेही थांबायचे. घाई नाही, ओढणं नाही. पायरीशी आल्यावर ते वाकले, चप्पल खाली ठेवली आणि त्याचा पाय हातानं उचलून नीट तिच्यात घातला. मग जाऊन पुन्हा खुर्चीवर बसले.

तासाभरानं मी खाली उतरलो. मनाशी सगळं ठरवलं होतं, कुठल्या शब्दानं सुरुवात करायची ते सुद्धा. जिन्याच्या तळाला दोन वाटा होत्या. समोरच्या काचेच्या दारातून मला त्यांची पाठ दिसली. ताठ, जराशी एका अंगाला झुकलेली. डावीकडची वाट औषधांच्या खोक्यांजवळून मागच्या रस्त्याला जात होती. मी डावीकडं वळलो. गाडी आणायला नंतर मेव्हण्याला पाठवलं.